माणशी किती भांडी

३ डिसेंबर १९९६

आजपासून दोन वह्या. एक अर्चनामॅडमची, तिच्यात मी दिवसभर काय काम केलं ते लिहायचं. दुसरी ही. ही पलसाण्याच्या मिलने दिवाळीला वाटलेली जुनी डायरी आहे, वार जुळत नाहीत. मी माझी तारीख टाकते. मॅडमच्या वहीत मी पहिल्याच दिवशी ‘मूर्खपणा’ असं लिहिलं तर तिने खोडायला लावलं. इथे कोण खोडतंय.

मॅडमच्या आईकडे मी आठ वर्षं भांडी घासते. मॅडम कामरेजच्या पुढे तापीकाठी एक टेकाड उकरते. त्यातून सोनं निघत नाही, पुतळा निघत नाही, खापरं निघतात. टोपल्याच्या टोपल्या खापरं. आता तिला पाहिजे की एवढ्या खापरांवरून तिथे माणसं किती राहत होती ते सांगता यावं. म्हटलं, विचारायला त्यातलं कोणी उरलंय का? नाही म्हणे, म्हणून तर जित्या माणसांची भांडी आधी मोजायची. माणशी किती, किती वर्षं टिकतात, फुटली की कुठे जातात. त्यावरून मेलेल्यांचा हिशेब लावायचा. त्यासाठी तिला आमची लिंबायतची चाळ पाहिजे. चव्वेचाळीस खोल्या.

मी म्हटलं मी चौथी पास. ती म्हणाली, मोजता येतं ना? वीस वर्षं लोकांची भांडी मोजूनच घासते, नाहीतर एक चमचा कमी निघाला की आपल्यावर येतं.

एकच अट घातली तिने. खोटा आकडा लिहायचा नाही, नसलेलं आहे म्हणायचं नाही. मी माझ्या पोरीला, ज्योतीलाही बजावलं, कारण टक्के काढायला तीच बसणार आहे. दहावीला गणितात अठ्ठावन्न होते तिला. वैशाखात तिचं लग्न. नरडाण्याच्या बाबुरावांचा मुलगा, एस.टी.त चिकटलेला. सुपारी फुटली, पेटीत स्टीलची नवी भांडी भरून ठेवलीत. तोवर घेते तिच्याकडून काम करून.

९ डिसेंबर

सगळ्या खोल्या मोजायच्या नाहीत म्हणे. पंधरा निवडायच्या, आणि निवडायच्या म्हणजे डोळे मिटून चिठ्ठ्या काढायच्या. मी म्हटलं मला माहीत आहे कोणाकडे खरी भांडी आहेत आणि कोणाकडे नुसती ऐट, मी सांगते ना पंधरा. तर मॅडम म्हणाली, तेच नको आहे, तुमची अक्कल मध्ये यायला नको.

असं तोंडावर मला हिलालपण बोलत नाही. हिलाल म्हणजे माझा नवरा, संच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर असतो, त्याचा आवाज संच्याला दिलाय.

चिठ्ठ्या नळापाशी काढल्या. अख्खी चाळ जमली. सगळ्यांना वाटलं चिठ्ठी निघाली की काहीतरी मिळतं. सुंदराची निघाली तर तिने पेढे वाटले. अनुसयाची नाही निघाली, ती म्हणाली परत काढा, नीट हलवलं नाही. आमची नऊ नंबर निघाली तेव्हा इंदुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हिचं तर घरचंच आहे.” इंदुबाईची स्वतःची निघाली तेव्हा मात्र हलवलेलं नीट होतं.

शेवटी एकतीस नंबर निघाली. मागच्या ओळीतली, वैभवची. वऱ्हाडाकडचा पोरगा, एकटा राहतो, रात्रपाळी करतो, दिवसा दार बंद. ज्योती म्हणाली मागची ओळ मी करते आई, तुझे गुडघे दुखतात. पोर गुणाची आहे.

१५ डिसेंबर

मूर्खपणा.

कोणीतरी उठवलं की ज्याची भांडी कमी त्याला सरकार गरीब लिहिणार आणि चाळीतून काढणार. झालं. सुंदराकडे गेले, दोन माणसं, भांडी एकाहत्तर. पुढच्या खोलीत पाच माणसं, अठ्ठ्याऐंशी. एक पितळी परात मला सहा खोल्यांत भेटली. कडेला पोचा, आणि खाली कोरलेलं, ‘कै. भिकाबाई यांच्या स्मरणार्थ, १९६८’. सहाव्या घरात विचारलं ही भिकाबाई तुमची कोण? तर म्हणे आजी. पाचव्या घरातही आजीच होती. मी पुढच्या दाराने शिरले की भांडी मागच्या दाराने पुढच्या घरी जात होती. मी जिना चढून दमले, परात दमली नाही.

मॅडमला सांगितलं. वाटलं डोक्याला हात लावेल. ती बाई खूश झाली. तिला ती परात नाही दिसली, तिला ते कोरलेलं नाव दिसलं. आपल्यात प्रत्येक भांड्यावर नाव टाकतात, कोणी कोणाला कधी दिलं ते, म्हणजे भांड्याचं वय कळलं. म्हणाली, “सरलाबाई, आमच्या खापरांवर असं काही लिहिलेलं असतं तर मी आत्तापर्यंत प्रोफेसर झाले असते.”

तर आता प्रत्येक भांडं पालथं करून नाव वाचायचं. परत पहिल्यापासून.

१६ डिसेंबर

कंबर गेली.

२९ डिसेंबर

पंधरा खोल्या झाल्या. आमची चौसष्ट, इंदुबाईची एकशे त्रेचाळीस, वैभवची नऊ. त्याची ज्योतीने लिहून आणली, सुरेख अक्षरात. ताट एक, पेला एक, तवा नाही. तो पोरगा जेवतो कशावर देव जाणे.

आज मॅडमने सरासरी शिकवली. सगळी भांडी एकत्र, भागिले सगळी माणसं. माणशी अकरा पूर्णांक चार दशांश. मी म्हटलं चार दशांश भांडं कसलं, कान तुटलेलं? ती हसली. मग मी म्हटलं हा आकडा खोटा आहे. इंदुबाईच्या सासऱ्यांचं आचाऱ्याचं काम होतं, तिच्याकडे वीस माणसांच्या कढया पडल्यात, त्या तुम्ही वैभवच्या वाट्याला लावता. त्याच्याकडे अकरा कुठेत? मॅडमने पेन खाली ठेवलं. म्हणाली हे समजायला आमच्या मुलांना एक वर्ष लागतं. त्याचं औषध म्हणजे मधलं माणूस काढायचं. सगळ्यांना कमी भांडी ते जास्त भांडी असं ओळीत उभं करायचं आणि बरोबर मधला बघायचा.

मी संध्याकाळी नळावर केलं. पंधरा घरांच्या पंधरा बायका, वैभवच्या जागी ज्योती उभी राहिली. ओळ लावायला तास गेला, कारण शेवटाला कोणी उभं राहीना. दोघींच्या घागरी एकमेकींना लागल्या. मधे कोण आलं तर शांताराम शिंप्याची बायको. तिला मी सांगितलं तू मध्यक आहेस. ती रडायला लागली. तिला वाटलं काही रोग आहे.

१२ जानेवारी १९९७

टेकाडावर गेलो, ज्योती आणि मी, मॅडमच्या जीपमधून. ऊन आणि धूळ. तिथे पोरं-पोरी खापरं मोजतात. या खड्ड्यात तीनशे खापरं, त्या खड्ड्यात पन्नास, म्हणून या खड्ड्यात वस्ती जास्त. मी म्हटलं परवा माझा माठ पडला, सत्तावन्न तुकडे झाले, मी गोळा करताना मोजले. त्या दिवशी आमच्याकडे सत्तावन्न माणसं नव्हती. मॅडम पोरांना म्हणाली, ऐका, म्हणूनच काठ मोजायचे, वजन करायचं. मग दिवसभर मी काठाचे तुकडे वेगळे काढून दिले. बोटाने कळतं काठ कुठला नि पोट कुठलं. शिकायचं काय त्यात.

ज्योती एका चुलीच्या जागेपाशी बसून राहिली. एवढीशीच चूल. तिने मॅडमला विचारलं, इथे किती जणं असतील? मॅडम म्हणाली, भांडी बघता दोनच असावीत. ज्योतीने परत विचारलं, दोघांचं भागत असेल का एवढ्यात? मी म्हटलं चल, उन्हाने डोकं धरलंय तुझं.

१५ जानेवारी

दुसरी मोजणी. संक्रांत मधे आली हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मॅडमला बहुतेक संक्रांत माहीतच नाही. वाणाची भांडी प्रत्येक घरात घुसलीत. मी अनुसयाला दिलेली वाटी अनुसयाने सुंदराला दिली, सुंदराने शिंपिणीला, आणि आज ती शिंपिणीने मला वाण म्हणून दिली. म्हणाली, खास तुमच्यासाठी आणली. मॅडमने बाणांचा मोठा तक्ता काढला, कोणाकडून कोणाकडे. म्हणे हे व्यापाराचं जाळं आहे. व्यापार कसला, कोणालाच ती वाटी नको होती.

वाणाचा रकाना वेगळा केला आणि मग खरी गोष्ट बाहेर पडली. आमची चौसष्ट होती. आता एकोणसाठ. दोन ताटं, दोन वाट्या, एक पळी गेली. माझ्या घरातून. मी लोकांची मोजत फिरते आणि माझ्या घरातून.

हिलाल जेवता जेवता म्हणाला, “लोकेसना भांडा मोजी ऱ्हायनी, आपला कोन मोजी?” महिन्याभरात एवढं एकच वाक्य, ते पण असलं. ज्योती म्हणाली उंदीर असतील. मी म्हटलं उंदीर पळीने जेवतात का?

२ फेब्रुवारी

तवा गेला. कोणाला सांगून पटणार नाही, तवा. आज डब्याच्या झाकणावर भाजायची वेळ आली.

१० फेब्रुवारी

तिसरी मोजणी. आमची बावन्न. आणखी सात गेली, दोन पेले, लहान पातेली, तिची झाकणी, तवा, उलथनं, सांडशी. एकूण बारा. चोर पण बिनडोक आहे. तांब्याचा हंडा सोडला, पेटीतली ज्योतीची नवीकोरी भांडी सोडली, तिच्या उशाशीच असते पेटी, आणि नेलं काय तर पोचे आलेलं जुनं. आणि ताटं, वाट्या, पेले दोन-दोनच. हावरट चोर असता तर एकदम तरी नेलं असतं.

मग मी शहाण्यासारखं केलं. पंधराही घरांचे आकडे समोर घेतले, कोणाची वाढली ते बघितलं. इंदुबाई. एकशे त्रेचाळीसच्या एकशे पंचावन्न. बरोबर बारा.

मी तक्ता घेऊनच गेले. तिच्या दारात उभी राहून वाचून दाखवला. माझी बारा गेली, तुझी बारा आली, मॅडमच्या कागदावर आहे, तोंडाची गोष्ट नाही. ती आत गेली, बारा नव्या वाट्या आणून उंबऱ्यावर ओतल्या. हळदीकुंकवाला वाटायला आणलेल्या. प्रत्येकीवर तिचं नाव, कालच्या तारखेचं. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

मॅडमला सांगितलं तर तीही रागावली. दोन आकडे बरोबरीने हलले म्हणजे एकाने दुसऱ्याला हलवलं असं होत नाही म्हणे. म्हटलं मग हलवलं कोणी? म्हणाली ते आकडा सांगत नाही, जाऊन बघावं लागतं. मग आकडे कशाला काढायचे? कुठे जाऊन बघायचं ते कळायला.

ज्योती रात्री जेवली नाही. म्हणाली, “इंदुमावशीला उगाच बोललीस तू.” म्हटलं तुला का एवढं लागलं?

१४ फेब्रुवारी

रथसप्तमी. इंदुबाईकडे हळदीकुंकू. गेले नसते तर चोरटी मीच ठरले असते, म्हणून गेले. तिने सगळ्यांना वाटी दिली. माझ्यापाशी आली, कुंकू लावलं, वाटी ओटीत घातली आणि चाळीसमोर म्हणाली, “घे बाई सरला, तुझीच तुला. कागदावर लिहून घे.”

बायका हसल्या. मी लिहून घेतलं. वाटी एक, वाण, खोली क्रमांक बारा. काम ते काम.

२३ फेब्रुवारी

बाबुरावांचं पत्र आलं. मुलगा रजा टाकतोय, तारीख पक्की करा. ज्योतीला वाचून दाखवलं, ती साडीला टिकल्या लावत होती, वर बघितलं नाही. लाजते. मीही लाजायची.

मॅडमला पंधरा दिवसांत तक्ते द्यायचेत. माणसं खाली, भांडी वर, प्रत्येक घराचा एक ठिपका. सगळे ठिपके तिरक्या रेघेपाशी येतात, जास्त माणसं तिथे जास्त भांडी. इंदुबाईचा ठिपका उंच लटकतो, त्याचं कारण माहीत आहे. आणि वैभवचा वाकडा जातो. डिसेंबरात एकटा, नऊ भांडी. जानेवारीत एकटा, चौदा. आता एकटा, एकवीस. एकट्या पोराला तीन ताटं, सांडशी, पातेल्यावर झाकणी. वऱ्हाडी लोकांना नटायची हौस. मी तो कागद काढून चुलीत घातला. एका ठिपक्यासाठी रेघ कशाला बिघडवायची?

४ मार्च

मॅडम कधी ओरडत नाही, आज ओरडली. पंधराचे चौदा कसे झाले? खरं सांगितलं. तिने मला समोर बसवलं. म्हणाली, रेघेवर बसणारी घरं आपल्याला काही नवं सांगत नाहीत. जे घर बसत नाही तिथे काहीतरी घडतंय, ते आपल्याला माहीत नाही एवढंच. “ते जाळायचं नसतं सरलाबाई, तिथे आधी जायचं असतं. उद्या स्वतः जा. ज्योतीला पाठवू नका, तुम्ही जा.”

जाते. गुडघे गेले खड्ड्यात.

५ मार्च

लिहायचंच आहे तर नीट लिहिते.

अकरा वाजता गेले. ज्योती कामाला म्हणून सकाळीच बाहेर पडली होती. मागच्या ओळीत एकतीस नंबरचं दार उघडंच होतं. वैभवची पाळी बदललेली, तो दिवसपाळीवर गेलेला. ज्योती खाली बसून कणीक मळत होती. तिच्या बाजूला माझा तवा.

मी आत गेले आणि, आता मला कळत नाही असं का केलं, पण मी भिंतीला टेकून बसले, पिशवीतून मॅडमचा कोरा कागद काढला आणि ताटं पालथी करायला लागले. ‘सौ. सरला हिस आत्याकडून, १९७४’. दुसऱ्यावर हिलालच्या मामाचं नाव. पेल्यावर माझ्या बापाचं. सगळं माझ्या आहेरातलं, तेवीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. मी एकेक लिहीत गेले. ताटं तीन. पेले तीन. पळी एक. ती मळायची थांबली होती.

शेवटी वरचा रकाना भरायचा राहिला. मी न बघता विचारलं, “घरात माणसं?”

तिने बोटांची कणीक चोळून काढली. मग म्हणाली, “दोन.”

“कधीपासून?”

“पंचवीस तारखेपासून. कोर्टात केलं. अर्ज महिन्याआधीच दिला होता.”

पंचवीस म्हणजे पत्र वाचून दाखवलं त्याच्या दोन दिवसांनी. त्यानंतर रोज संध्याकाळी ती घरी येऊन माझ्या बाजूला झोपत होती. ती माझ्यासमोर सगळे खरे आकडे लिहून आणत होती. मी म्हटलं आकडे तरी लपवायचे. ती म्हणाली, “तूच सांगितलंस खोटा आकडा लिहायचा नाही. मला वाटलं तुला कळेल. दर महिन्याला वाटायचं या वेळी कळेल.”

पेटीतली नवी भांडी का नाही नेली विचारलं. म्हणाली, ती त्या लग्नाची होती.

मला मारायचं होतं. हात पण उचलला होता, पण हातात पेन होतं. मग मी पुढचं विचारलं, कारण कागदावर पुढे तेच होतं.

“पोळपाट?”

“नाही.”

“मग लाटतेस कशावर?”

तिने माझ्या आत्याचं ताट पालथं करून दाखवलं. नावावर पीठ लागलं होतं.

मी लिहिलं, पोळपाट एक.

“आई, नाहीये तो.”

“लिहिलंय,” मी म्हटलं आणि उठले.

खोटी नोंद ठेवून मॅडमकडे जाता येत नाही. घरी आले, माझा पोळपाट धुतला, लाटणं घेतलं, परत गेले. उंबऱ्यावर ठेवलं. आत गेले नाही. आत जाण्याइतकं अजून झालेलं नाही.

७ मार्च

बाबुरावांना पत्र टाकलं. मुलीने लग्न केलं, तुमची चूक नाही, आमची आहे, खर्च झाला असेल तो कळवा. तीन ओळी लिहायला दोन दिवस गेले. ते शिव्या देतील, देऊ देत. हिलालला सांगितलं. भिंतीकडे बघत म्हणाला, “माले काय माहीत.” त्याला माहीत होतं. तो पोरगा त्याच्याच खात्यात संच्यावर आहे, हे मला आज कळलं.

इंदुबाईकडे गेले. म्हटलं मी खोटं बोलले, चाळीसमोर बोलले, तर चाळीसमोर माफी मागते. ती म्हणाली नळावर माग, चार वाजता पाणी येतं तेव्हा. मागितली. तिने पहिली घागर माझी लावून दिली.

९ मार्च

मॅडमने तक्ते पुरे केले. एकतीस नंबरला माणसं दोन लिहिली तर ठिपका आपोआप रेघेकडे सरकला, माझ्या डोळ्यादेखत. मॅडम टेबल वाजवून म्हणाली, बघितलंत? मी म्हटलं बघितलं.

मग तिने आमच्या नऊ नंबरचा कागद घेतला. तीनवर काट मारून मी दोन लिहिलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं. रकान्यात खाली आली आणि थांबली. पोळपाट, शून्य. म्हणाली, हे चुकलंय का? पोळ्या कशावर करता?

मी म्हटलं बरोबर आहे, तसंच राहू द्या. आम्ही दोघं भाकरी खातो. भाकरी हातावर होते.